पावलांची दुखणी: दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी हाडांचा दवाखाना चालवतो, त्यामुळे रोज कुणी ना कुणी पाऊल दाखवायला येतंच. बहुतेक जण येतात तेव्हा दुखणं पाच-सहा महिन्यांचं झालेलं असतं. हात दुखला की माणूस आठ दिवसांत येतो, पावलाच्या बाबतीत मात्र "चालतंय तोवर चालू दे" म्हणत राहतो. एका पावलात २६ हाडं, ३० च्या वर सांधे आणि शंभराहून जास्त स्नायू, स्नायुबंध (हाडाला हाड जोडणारे पट्टे) आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) असतात. त्यातलं काय बिघडलंय हे बऱ्याचदा नुसतं नीट विचारून आणि बोटाने दाबून कळतं. खालचे प्रश्न पेशंटनीच विचारलेले आहेत, जवळजवळ त्यांच्याच शब्दांत.

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेत खिळा टोचल्यासारखं होतं. चार पावलं चाललं की कमी होतं. हे काय आहे?

एवढ्या वर्णनावरूनच दहापैकी आठ-नऊ वेळा निदान होतं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. पावलाची कमान तो तोलून धरतो. त्याला टाचेपाशी झालेली इजा म्हणजे प्लांटर फॅसायटिस. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं आणि पट्टा आखडतो. सकाळी पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो, म्हणून कळ येते. दुपारी बराच वेळ बसून उठल्यावरही तसंच होतं.

हे दुखणं जास्त दिसतं चाळिशी-पन्नाशीच्या लोकांत, एकाएकी वजन वाढलेल्यांत आणि दिवसभर उभं राहणाऱ्यांत. शिक्षिका, कंडक्टर, दुकानात काउंटरमागे उभे असणारे, आणि कडाप्प्याच्या फरशीवर अनवाणी उभ्या राहून पोळ्या लाटणाऱ्या बायका. पोटऱ्या आखडलेल्या असतील तर टाचेवरचा ताण आणखी वाढतो. तपासताना मी टाचेच्या आतल्या बाजूला, थोडं पुढे, अंगठ्याने दाबतो. पेशंटने झटकन पाय ओढून घेतला की बहुतेक वेळा एक्स-रेची गरजच उरत नाही.

पण एक्स-रेत "टाचेचं हाड वाढलंय" असं आलंय. ऑपरेशन करावं लागेल का?

नाही. हा शब्द ऐकून माणसं इतकी घाबरतात की मला दर आठवड्याला तो समजावून सांगावा लागतो. हाडाचा तो काटा टाच मुळीच दुखत नसलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही दिसतो, आणि टाच भयंकर दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेत दिसत नाही. दुखतोय तो पट्टा. काटा तासून तो बरा होत नाही.

मग करायचं काय?

ताण द्यायचा, रोज आणि न कंटाळता. पलंगावर बसल्या बसल्या दुखरं पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. एका हाताने पाचही बोटं नडगीकडे वर ओढा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावरून फिरवा. पट्टा ताणलेल्या दोरीसारखा हाताला लागला, म्हणजे बरोबर चाललंय. दहा आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, आणि त्यातली पहिली खेप सकाळी पाय जमिनीला टेकवण्याआधी. हेच लोक विसरतात आणि मग "व्यायामाने फरक नाही" म्हणतात. सोबत भिंतीला हात टेकून, मागच्या पायाची टाच न उचलता पोटरीचा ताण.

घरात मऊ चप्पल वापरा, स्वयंपाकघरातसुद्धा. "चुलीपाशी चप्पल चालत नाही" असं अनेक घरांत म्हणतात. त्या घरांत मी सांगतो की स्वयंपाकघरापुरती वेगळी, धुतलेली जोडी ठेवा. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, कापडात गुंडाळून संध्याकाळी तळव्याखाली पाच-दहा मिनिटं घोळवली तर बरं वाटतं.

बहुतेकांना काही आठवड्यांत फरक जाणवतो, पण दुखणं पूर्ण थांबायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. इंजेक्शनची घाई करू नका. स्टेरॉइडच्या एखाद्या इंजेक्शनने काही काळ आराम पडतो. पुन्हा पुन्हा घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी झिजते, पट्टा फाटूही शकतो. पंचविशीतल्या मुलाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही तासभर आखडत असेल, तर मात्र हे वेगळं प्रकरण आहे. तो मणक्याच्या संधिवाताचा प्रकार असू शकतो, त्याची तपासणी लवकर व्हायला हवी.

पाऊल मुरगळलं, घोटा टम्म सुजलाय. एक्स-रे काढायचाच का?

प्रत्येक वेळी नाही. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी साधे नियम मांडले. ते आज जगभर वापरले जातात आणि घरीही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या टोकावर, किंवा त्याच्या मागच्या कडेवर दाबलं की दुखतंय का? करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर एक उंचवटा लागतो, तिथे दाबून दुखतंय का? आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखतंय का? आणि मुरगळल्यावर लगेच, तसंच आता दवाखान्यात, लंगडत का होईना चार पावलं टाकता येत नाहीत, असं आहे का? यातल्या एकाचंही उत्तर "हो" आलं तर एक्स-रे काढा. सगळी उत्तरं "नाही" असतील तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता अगदीच कमी. सूज किती आहे यावरून हाड मोडलंय की नाही हे ठरत नाही. लहान मुलं, मधुमेही आणि दारूच्या नशेत पडलेली माणसं यांच्याबाबतीत हे नियम पुरेसे धरू नका.

आमच्याकडे लचक काढणारे आहेत. कुणी पायाळू माणसाचा पाय लावायला सांगतं. करू का?

पायाळू माणसाने नुसता पाय लावला तर बिघडत काही नाही. पण जोरात चोळणं, झटका देऊन "शीर बसवणं" पहिल्या दोन-तीन दिवसांत करू नका. घोट्याच्या बाहेरचा स्नायुबंध अर्धवट फाटलेला असतो, आतून रक्त झिरपत असतं. चोळल्याने ते वाढतं. आणि हाडाला चीर असेल तर झटक्याने ती सरकते. माझ्याकडे असे एक्स-रे येतात, आणि मला वाईट वाटतं, कारण पहिल्या दिवशी ते हाड जागेवर असणार.

पहिले दोन दिवस पाय उशीवर उंच ठेवा, कापडातून बर्फ पंधरा-वीस मिनिटं दिवसातून तीन-चारदा लावा, बोटांकडून वर नडगीपर्यंत क्रेप बँडेज बांधा. आंबेहळदीचा लेप लावायचा तर लावा, गरम करून नको. त्यानंतर पाय हलवायला लागा. महिनाभर बिछान्यात पडून राहिलं तर घोटा आखडतो आणि पुन्हा पुन्हा मुरगळतो. दुखणं उतरलं की रोज दात घासताना त्या एका पायावर उभं राहा, एक मिनिट. आधी भिंतीला बोट लावून, मग न लावता. फाटलेल्या स्नायुबंधाबरोबर तोल सांभाळण्याची जाणही गेलेली असते, ती अशी परत येते. हा भाग टाळणारेच सहा महिन्यांनी पुन्हा येतात.

मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. पावलाच्या वरच्या बाजूला दुखतं, एक्स-रे नॉर्मल आला. आळशीपणा करतोय का?

नाही, त्याचं म्हणणं खरं धरा. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. जाहिरात निघाली की गावोगावची मुलं पहाटे डांबरी रस्त्यावर धावायला लागतात, बहुतेकदा झिजलेल्या बुटांत, आणि पहिल्याच आठवड्यापासून रोज पूर्ण अंतर. हाडाला भरून यायला वेळ मिळत नाही आणि त्याला केसाएवढी बारीक चीर पडते. बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या बोटाच्या मागच्या लांब हाडाला. धावताना दुखतं, थांबलं की थांबतं, पुढे चालतानाही दुखायला लागतं. एका बोटाच्या टोकाने नेमकी जागा दाखवता येते.

पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत ही चीर बऱ्याचदा दिसतच नाही. त्यामुळे "नॉर्मल" रिपोर्टवर विसंबून धावत राहिलं तर हाड पूर्ण मोडतं. चार ते सहा आठवडे धावणं बंद. त्या काळात सायकल, पोहणं, हाताचे व्यायाम, गोळाफेकीचा सराव चालेल. परत सुरू करताना मातीच्या मैदानावर, एक दिवसाआड, अंतर हळूहळू वाढवत. भरतीची तारीख जवळ आलेल्या मुलाला हे सांगणं फार जड जातं, पण सांगावंच लागतं. मुलींमध्ये पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, हाडांच्या ताकदीशी त्याचा थेट संबंध असतो.

खेळताना टाचेमागे कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, फट्‌कन आवाज आला. मागे वळून पाहिलं तर कुणीच नाही.

त्याच दिवशी या. पोटरीला टाचेशी जोडणारी जाड कंडरा तुटलेली असू शकते. पेशंटला पालथं झोपवून पोटरी दाबली की पाऊल आपोआप हलायला हवं. ते हललं नाही तर निदान जवळजवळ पक्कं. पायाची बोटं हलतात, लंगडत चालताही येतं, म्हणून लोक याला लचक समजून तीन आठवडे घालवतात. वेळेत आलं तर प्लॅस्टरने किंवा ऑपरेशनने चांगली जुळते.

टाचांना खोल भेगा पडतात, रक्त येतं. मलमं लावून थकले.

भेग पडते कारण टाचेची कातडी जाड आणि कोरडी झालेली असते, आणि वजन पडलं की ती बाजूला फाकते. म्हणून आधी जाडपणा कमी करायचा. रात्री कोमट पाण्यात पंधरा मिनिटं पाय बुडवा, वजरीने हलक्या हाताने घासा, टिपून घ्या आणि ओलसर असतानाच युरिया असलेलं क्रीम लावून सुती मोजे घाला. कोकणात आणि गोव्यात कोकमाच्या बियांचं तेल भेगांत भरतात. मुठीत वळून त्याचे गोळे करतात म्हणून मुठेल, कुठे भिरंडेल म्हणतात. गोळा किंचित गरम करून भेगेवर फिरवला की तेल वितळून आत जातं आणि वर पातळ थर धरतं. चांगला उपाय आहे, माझ्या आजीच्या टाचा त्यानेच राखल्या होत्या. ब्लेडने कातडी तासू नका. तळहातांनाही भेगा असतील, खवले निघत असतील तर सोरायसिस असू शकतो. वजन वाढतंय, थकवा आहे, थंडी सोसत नाही असं असेल तर थायरॉइड तपासा.

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात.

भातलावणी करणारे, ओले बूट दिवसभर घालणारे सुरक्षारक्षक, धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बाया, सगळ्यांनाच. ओली राहून पांढरी पडलेली कातडी सोलते, मग तिथे बुरशी आणि जंतू शिरतात. घरी आलं की पाय धुवा आणि प्रत्येक बेचकं कापडाने कोरडं करा, खास करून शेवटच्या दोन बोटांमधलं. क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिनचं साधं मलम लावा आणि खाज थांबल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. औषधाच्या दुकानातून "खाजेचं मलम" म्हणून मिळणाऱ्या नळ्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत खाज जाते, बुरशी मात्र पसरते.

पाऊल लाल, गरम होऊन सूज वर चढायला लागली, थंडी वाजून ताप आला तर मलमावर थांबू नका. पुराच्या पाण्यातून चालल्यानंतर ताप आला तर तेही आठवणीने सांगा. जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर लेप्टोची साथ आली होती, आणि त्याचे जंतू अशाच फाटलेल्या कातडीतून शिरतात.

तळव्याला झालंय ते कुरूप की चामखीळ?

सरळ वरून दाबल्यावर जास्त दुखलं तर बहुधा कुरूप. दोन बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखलं आणि मध्ये बारीक काळे ठिपके असतील तर बहुधा चामखीळ. चामखीळ विषाणूमुळे होते. कुरूपाला मूळ नसतं, ते सततच्या दाबाने घट्ट झालेल्या कातडीचं पाचर असतं. त्यामुळे ते कितीही काढलं तरी चप्पल तीच राहिली तर परत येणारच. कुरुपाच्या पट्ट्यांमध्ये आम्ल असतं. मधुमेह असेल तर त्या पट्ट्या घरात आणूही नका.

अंगठ्याचं नख मांसात रुतलंय, पू येतो. गोळ्या घेतल्या की थांबतं, परत येतं.

नखाची कड आत टोचत आहे तोवर गोळ्यांनी काय होणार? कोपरे गोल कापल्याने आणि चिमटणाऱ्या बुटांनी हे होतं. सुरुवातीला कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून कडेखाली कापसाची बारीक वात सरकवली तरी पुरतं. पू झाला असेल तर बधिर करून नखाची तेवढीच पट्टी काढतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम. पुढे नख सरळ कापा.

बाभळीचा काटा मोडला, आत तुकडा राहिलाय असं वाटतं.

धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा, आठवत नसेल तर आजच घ्या. काटा सुईने उकरत बसू नका. लाकडाचा तुकडा साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. बुटाच्या तळातून खिळा घुसला असेल तर ती जखम लहान दिसली तरी दाखवा, कारण बुटातला जंतू हाडापर्यंत नेला जातो.

शेतात अनवाणी राबणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. काटा लागल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, त्या जागी न दुखणारी गाठ येते, छिद्रं पडतात आणि त्यातून काळे, पांढरे किंवा पिवळे बारीक दाणे येतात. हा मदुरा फूट. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातले हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी १८६० च्या सुमारास हा बुरशीचा आजार असल्याचं दाखवलं. आता कळलंय की काहींत तो बुरशीचा असतो, काहींत जिवाणूंचा, आणि दोन्हींची औषधं निराळी. म्हणून दाणे दिसले तर धुऊन टाकू नका, स्वच्छ बाटलीत घेऊन या.

वारीत पायाला फोड येतात. फोडावेत का?

लहान, न दुखणारे तसेच ठेवा. टम्म भरलेला, पाऊल टेकू न देणारा फोड असेल तर हात धुऊन, स्पिरिटने पुसलेल्या नव्या सुईने कडेला भोक पाडा, पाणी दाबून काढा आणि वरची कातडी जागेवरच राहू द्या. तीच उत्तम पट्टी. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालायचं असतं, तेव्हा नवी चप्पल घालून निघू नका. जुनी, पायात बसलेलीच घाला.

मला मधुमेह आहे, पण पाय अजिबात दुखत नाहीत. मग एवढी काळजी कशाला?

याचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. दुखणारं पाऊल माणसाला डॉक्टरांकडे आणतं. बधिर पाऊल कुठेच नेत नाही.

एक शेतकरी काका साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवायला आले होते. मी पाय दाखवा म्हटलं, तर त्यांची चप्पल पायातून सुटेना. खालून शिरलेला खिळा चप्पल ओलांडून तळव्यात घुसला होता. सकाळपासून ते शेतात, मग एस्टीत, मग माझ्या दारापर्यंत चालत आले होते. "काही लागलं नाही डॉक्टर," ते म्हणाले, आणि ते खरं बोलत होते.

वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पावलांवर काम करताना हेच ओळखलं: बोटं रोगाने झडत नाहीत, वेदना कळत नसल्याने होणाऱ्या रोजच्या जखमांनी जातात. मधुमेही पावलाचंही तसंच असतं. मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या) रबराच्या चपला तिथूनच आपल्याकडे रुळल्या.

वर्षातून एकदा तरी पावलांची तपासणी करून घ्या. नायलॉनचा एक तंतू १० ग्रॅम दाबाला वाकतो, तो तळव्याला टेकवून कळतं का ते विचारतात. सेकंदाला १२८ कंपनांचा धातूचा चिमटा (ट्युनिंग फोर्क) अंगठ्यावर ठेवून कंप कळतो का ते बघतात. पावलावरची आणि घोट्यामागची नाडी बघतात. पाच मिनिटं लागतात, दुखत काहीच नाही. घरी रोज रात्री तळवे आणि बेचकी बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा नातवंडाला बघायला सांगा. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊ नका. देवळात उन्हाने तापलेल्या फरशीवर जाड मोजे घालून जा. भाजलेले तळवे घेऊन दर उन्हाळ्यात माणसं येतात. बिडी, मिश्री, तंबाखू सोडा, मधुमेहात रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या असतात.

जखम झाली तर दुसऱ्या दिवशी दाखवा, आठवड्याने नको. आणि त्या जखमेवर चालत राहिलात तर जगातलं कुठलंही मलम ती भरून आणणार नाही. तिच्यावरचा भार काढणं हाच मुख्य उपचार. जखम नसताना एक पाऊल लाल, गरम, सुजलेलं दिसलं आणि दुखत नसलं, तर आतली हाडं चुरत असू शकतात. पाय टेकवू नका, लगेच या.

मधुमेह नसताना पाऊल बधिर झालंय, अंगावर न कळणारा फिकट चट्टा आहे, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात बहुविध औषधोपचार मोफत मिळतो आणि आजार पूर्ण बरा होतो. लाज बाळगून उशीर केला तर बधिरपणा मात्र परत जात नाही.

रात्री अचानक अंगठ्याचं मूळ लाल झालं, चादर लागली तरी सहन होईना.

बहुधा गाउट, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचणं. झटका आलेला असताना रक्तातलं प्रमाण कधी नॉर्मलही येतं, त्यामुळे एकाच रिपोर्टवरून नाही म्हणू नका. ताप असेल तर सांध्यात पू नाही ना, हे आधी बघावं लागतं.

तीन वर्षांच्या मुलीचं पाऊल सपाट आहे. खास बूट घालायचे का?

त्या वयात बहुतेक सगळ्यांचंच सपाट दिसतं. तिला चवड्यांवर उभं करा. कमान उमटली तर निर्धास्त राहा, घरात अनवाणी खेळू द्या. पाऊल ताठ असेल किंवा दुखत असेल तरच दाखवा. जन्मतःच आत वळलेलं पाऊल ही वेगळी गोष्ट आहे, त्यात वाट बघू नका. पहिल्या काही आठवड्यांत पॉन्सेटी पद्धतीने, म्हणजे पाऊल हळूहळू सरळ करत नेणारं, प्लॅस्टर सुरू केलं तर मूल इतरांसारखंच धावतं, फक्त चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना बूट-पट्टी घालावी लागते. आईवडील दमतात ते तिथेच, आणि पाऊल पुन्हा वळतं तेही तिथेच.

तपासणीला येताना काय आणू?

जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, आणि रोजच्या वापरातली सगळ्यात झिजलेली चप्पल. नवी घालून येऊ नका. टाच कुठल्या बाजूने झिजलीय, अंगठ्याचा खड्डा किती खोल पडलाय, कुठला पट्टा तुटून पुन्हा शिवलाय, हे बघून तुम्ही कुठे भार टाकता ते मला कळतं. दोन्ही पायांच्या आणा, दुखत एकच असला तरी.